एका रात्रीत स्वीकारलेला शोधनिबंध

प्रबंध जमा करायची घाई सुरू झाली की व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर संशोधन नियतकालिकांचे मेसेज फिरू लागतात : 'यूजीसी केअर लिस्टेड, पीअर रिव्ह्यूड, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, २४ तासांत स्वीकृती, शुल्क १८०० रुपये.' बीड जिल्ह्यातल्या एका संशोधक विद्यार्थिनीने त्यावर विश्वास ठेवून ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या शाळागळतीवरचा निबंध पाठवला. रात्री साडेनऊला फाइल गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वीकृतीपत्र आलं, सोबत क्यूआर कोड. पैसे गेले ते एका माणसाच्या खासगी खात्यात.

अंक निघाला तेव्हा निबंध वाचता येईना. मूळ मजकूर कृतीदेव या जुन्या फॉन्टमधला, तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटलेली, रफार भलत्याच अक्षरावर, तक्त्यातले आकडे एक रकाना पुढे सरकलेले. मुलींची संख्या गावाच्या नावाखाली येऊन बसली होती. आणि पत्रात लिहिलेलं, 'दोन तज्ज्ञांनी तपासून शिफारस केली.' तज्ज्ञाने पहिलं पान जरी वाचलं असतं तरी हे छापलं गेलं नसतं.

खरं परीक्षण, म्हणजे पीअर रिव्ह्यू, आठवडे, बऱ्याचदा महिने घेतं. निबंध शेऱ्यांसकट परत येतो : गावं कशी निवडली, मुली अल्पवयीन असताना पालकांची संमती घेतली का, हा निष्कर्ष कोणत्या तक्त्यावरून काढला? हे प्रश्न छळ वाटतात, पण निबंध त्यांनीच उभा राहतो.

मेसेजमधला एकेक शब्द तपासून बघा. केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ११ फेब्रुवारी २०२५च्या सूचनेने बंदच केली, त्यामुळे आज कुणी 'केअर लिस्टेड' म्हणत असेल तर तिथेच थांबावं. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा फक्त आठ अंकी ओळखक्रमांक. तो दर्जाचा दाखला नाही आणि भारतात तो मोफत मिळतो. आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाकून नाव आणि प्रकाशक जुळतात का ते पाहावं. चांगल्या नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक उचलून हुबेहूब नकली वेबसाइट काढणारेही आहेत, म्हणून मेसेजमधली लिंक कधीच दाबू नये, पत्ता स्वतः शोधावा. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला त्याचा आकडा. खरा आकडा क्लॅरिव्हेट या कंपनीच्या वार्षिक अहवालात असतो, बाकीचे आकडे कुणीही छापतो. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, १० ने सुरू होतो आणि डीओआयच्या अधिकृत साइटवर टाकला की तोच निबंध उघडायला हवा. संपादक मंडळातल्या दोघातिघांना त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवर विचारावं. आपलं नाव तिथे आहे हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

१८०० रुपये एक वेळ विसरता येतात. निबंध मात्र अडकतो. छापून आलेला मजकूर दुसरीकडे नवा म्हणून देणं हा नीतिभंग आहे, समानता-तपासणीत तो पकडलाही जातो. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला सूट आहे, त्यापुढे कारवाई. दोन वर्षं फडावर, कोप्यांवर फिरून जमवलेली माहिती अशी वाया जाते. ज्या मुलींनी ती सांगितली त्यांच्यावरही हा अन्याय आहे.

ही धावपळ बऱ्याचदा गरजेचीच नसते. २०२२च्या यूजीसी नियमांनी पीएचडीपूर्वी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढली. तरी विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. म्हणून संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या विद्यापीठात नोंदणी असेल तर पीएचडी विभागाला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावं.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. अंक निघाला नसेल तर कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका. निबंध मागे घेतल्याचा ईमेल पाठवा, त्याची प्रत मार्गदर्शकांना द्या. 'माघारी शुल्क' मागतील, ते देऊ नका. अंक निघाला असेल तर मार्गदर्शकांपासून लपवू नका. पुढे कुठेही त्याच माहितीवर लिहिताना संपादकाला पहिल्याच पत्रात सगळं सांगा, लिंकसकट.