झेड फोरला रुंद अलॉय: आठ महिने, 6,400 किलोमीटर आणि एक प्लास्टिकचे कडे

सप्टेंबरमध्ये चेंबूरजवळ पुढचे उजवे चाक पंक्चर झाले नसते, तर हा अनुभव मी अलॉय बनवणाऱ्या कंपनीला दूषणे देऊन केव्हाच लिहून टाकला असता. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने चाक उतरवले, हबवरून, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावरून, एक तडकलेले, एका कडेला मऊ पडून वाकलेले प्लास्टिकचे कडे काढले, माझ्या तळहातावर ठेवले आणि हे कशासाठी आहे असे विचारले. सहा महिने मी गाडीच्या ज्या थरथरीचे कारण शोधत होतो, ते कारण त्या क्षणी माझ्या हातात होते आणि त्याचे वजन दोन-चार ग्रॅमही नसावे.

गाडी बीएमडब्ल्यूची झेड फोर, 2011 सालची, ई89 पिढीची, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून ती 25 मिलीमीटर खाली बसवलेलीच होती. फेब्रुवारीत मी कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील एका दुकानातून पुढे 8.5 इंच रुंद, 35 ऑफसेटचे (ऑफसेट म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे मिलीमीटरमधले अंतर; ते कमी झाले की चाक बाहेर सरकते) आणि मागे 9.5 इंच रुंद, 35 ऑफसेटचे अलॉय बसवून घेतले. व्यास 18 इंचच ठेवला. पुढचे टायर 225/40 (मिलीमीटरमध्ये रुंदी आणि तिच्या टक्क्यांत बाजूची उंची) राहिले, मागे 255/35 ऐवजी 265/35 घातले, आणि रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे ताठ बाजूंचे टायर, काढून साधे घेतले.

आता त्या कड्याविषयी. या गाडीच्या हबचा मधला उंचवटा 72.6 मिलीमीटरचा असतो आणि कंपनीचे मूळ चाक त्यावर नेमके बसते. बाजारातील अलॉय मात्र अनेक गाड्यांना चालावेत म्हणून मोठ्या भोकाचे केलेले असतात; माझ्या अलॉयचे भोक 74.1 मिलीमीटर आहे. उरलेली फट, म्हणजे सर्व बाजूंनी पाऊण मिलीमीटर, ते कडे भरून काढते. कडे फुटले तर चाक केवळ बोल्टांच्या भरवशावर मध्यभागी येते, आणि गाडी जॅकवरून उतरवल्यावर हवेच्या गनने बोल्ट आवळले तर चाक किंचित खालीवर बसणारच. बीएमडब्ल्यूच्या हबला चाक अडकवून ठेवणारे स्टड, म्हणजे कायमचे बसवलेले आटेदार खिळे, नसतात, त्यामुळे बोल्ट लागेपर्यंत चाकाला आधार असतो तो त्या उंचवट्याचाच.

खरी गंमत पुढे आहे. चाकाचे वजन सगळीकडे सारखे आहे ना हे तपासणाऱ्या बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक त्याच्या स्वतःच्या भोकात शंकू घालून पकडले जाते, त्यामुळे तिथे ते अगदी मध्यभागी असते आणि यंत्र शून्य दाखवते. दोष चाकात नसून चाक आणि हब यांच्यामध्ये असेल, तर यंत्राला तो दिसण्याचा संभवच नाही. दुकानदाराने मात्र तीन वेळा बॅलन्सिंग केले, दर वेळी 600 रुपये घेतले, आणि शेवटी टायरमध्येच खोट आहे, नवी जोडी घ्या, असे शांतपणे सांगितले.

थरथर सुरू होत असे ती ताशी 85 किलोमीटरच्या पुढे. सी लिंक आणि किनारी रस्ता या दोन्हींवर मर्यादा जास्तीत जास्त 80 ची असल्यामुळे शहरात काही जाणवतच नसे. शंभरपर्यंत कायद्याने जाता येईल असा मला सोयीचा रस्ता एकच, अटल सेतू. त्यामुळे प्रत्येक बॅलन्सिंगनंतर खात्री करण्यासाठी शिवडीहून पलीकडे जाऊन-येऊन 375 रुपये टोल. तीन वेळा 1,125, बॅलन्सिंगचे 1,800, एकूण 2,925 रुपये. अॅल्युमिनियमची चार कडी मला शेवटी 1,200 रुपयांत मिळाली. ती बसवून, बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, 120 न्यूटन-मीटरवर आवळून चौथ्यांदा सेतूवर गेलो (आणखी 375), तेव्हा शंभरवर स्टिअरिंग स्थिर होते. समुद्राच्या दमट हवेत अॅल्युमिनियम पोलादी हबला चिकटून बसते, म्हणून कड्यांना ग्रीसचा हलका हात फिरवला आहे.

रुंदीविषयी माझे मत मात्र दोनदा बदलले. पहिल्या महिन्यात गाडी खड्ड्यांवरून पूर्वीपेक्षा मऊ जाऊ लागली आणि त्याचे श्रेय मी नव्या अलॉयना दिले. ते चूक होते. रन-फ्लॅटच्या ताठ बाजू गेल्या, एवढेच झाले होते. मूळ चाकांवर साधे टायर घातले असते तरी हा आराम मिळाला असता आणि बरेच पैसे वाचले असते. जुलैत दुसरा धडा मिळाला. ईस्टर्न फ्रीवेवर पाण्याचा पातळ थर साचला असताना मागची बाजू ज्या वेगाला पूर्वी निमूट राहत असे, त्या वेगाला आता हलकी होऊन तरंगू लागते. गाडीचे वजन तेच असताना टायर रुंद केला की पाणी कापून खाली टेकणे त्याला कठीण जाते. पावसाळाभर मी तिथे साठच्या वर गेलो नाही.

घासण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मागचे मूळ चाक 8.5 इंच आणि 40 ऑफसेटचे होते. नव्याची बाहेरची कड 17.7 मिलीमीटर बाहेर येते, आतली 7.7 मिलीमीटर आत जाते. शिवाय 265 मुळे टायरची उंची सात मिलीमीटर वाढली. हा हिशेब खरेदीपूर्वी कागदावर मांडायला पाच मिनिटे पुरली असती. मी तो नंतर मांडला. पत्नी आणि मी दोघे बसलेलो असताना गतिरोधकावर डावे मागचे चाक मडगार्डच्या कडेला खर्र करून लागते. उजवे लागत नाही, कारण मोजपट्टी लावून पाहिल्यावर डावीकडे तीन मिलीमीटर जागा कमी भरली. इमारतीतील स्टॅक पार्किंगच्या (एकावर एक गाड्या ठेवण्याच्या) पॅलेटवर तर दोन्ही मागच्या रिम लोखंडी कठड्याला खरवडल्या आहेत. पत्नीने त्या ओरखड्यांकडे पाहून, हे आता कोण भरून देणार, एवढेच विचारले.

मडगार्डची कड आतून वाकवून घेण्याचा सल्ला दोघांनी दिला, परंतु चौदा वर्षांच्या रंगाला तडा जाऊन मुंबईच्या हवेत गंज धरेल, म्हणून तो मी मानला नाही. पुढच्या वेळी मागे पुन्हा 255 घालीन. मूळ चाके पलंगाखाली ठेवली असून जूनपूर्वी तीच चढवण्याचा विचार आहे. दुकानदाराकडे 1,800 रुपये परत मागितले आहेत. त्याने चौथे बॅलन्सिंग निम्म्या दरात करून देण्याची तयारी दाखवली आहे.