परसदारची चौकट: माल चांगला, बसवणारे कच्चे

आमचं घर देवरुखजवळ, जांभ्या चिऱ्याचं. परसदाराचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे जून ते सप्टेंबर पावसाचा मारा थेट दारावर. चौकट १९८७ सालची, फणसाची. वरून अजून खणखणीत, पण दोन्ही बाह्यांचे, म्हणजे उभ्या बाजूंचे, पाय कोब्यात गाडलेले. तिथून पाणी पिऊन पिऊन खालचे सहा इंच चहात बुडवलेल्या टोस्टसारखे झाले होते, आणि उरलंसुरलं वाळवीने बघितलं. मार्चमध्ये केर काढताना आईने तिथे हिराची काडी घालून पाहिली, ती आरपार गेली. लगेच मला ठाण्याला फोन.

सागाचा विचार झाला होता. चार बाय अडीच इंचाची चौकट, दोन्ही बाह्या आणि वरची पट्टी धरून सतरा फूट, म्हणजे जेमतेम सव्वा घनफूट लाकूड. खर्च परवडला असता, पण पाय पुन्हा ओलीतच उभे राहणार. म्हणून डब्ल्यूपीसीची घेतली, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून काढलेली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. चौकट साडेतीन हजारांना पडली, फिटिंगचे दीड हजार वेगळे.

मालाबद्दल आधी चांगलं सांगते. कापून उरलेला वीतभर तुकडा मी मोरीतल्या बादलीत टाकून ठेवला होता. महिन्याने काढला तर ना फुगला, ना कडा सुटल्या. आईने तो आता नारळ फोडताना खाली घ्यायला ठेवलाय. पण टकटक करून बघाल तर आवाज बद्द येतो, लाकडाचा नाही. आणि स्क्रू एकदा काढून त्याच भोकात परत घातला की पहिल्यासारखा धरत नाही, तेव्हा बिजागरीची जागा पहिल्याच वेळी नक्की करा.

आता फिटिंग. दुकानातून दोन पोरं आली. ड्रिलने भिंतीत भोकं पाडली, चार इंची फास्टनर (आवळले की भोकात फुगून भिंत धरणारे बोल्ट) ठोकले, भिंत आणि चौकटीमधल्या फटीत फोम मारला आणि दीड तासात मोटारसायकलवर बसून गेली. जाताना एकाने मोबाइल बाहीला टेकवून ‘लेव्हल बरोबर आहे’ असं दाखवलंही. मी खूश. संध्याकाळी जुनं दार लावून बघितलं तर मधोमध घासतंय. सकाळी आईने बाही हाताने हलवली तर ती हलली. अख्खी.

मग गावातल्या सुतारकाकांना बोलावलं. खरं तर आधीच बोलवायला हवं होतं, पण ‘आमच्याकडे फिटिंगसकट मिळेल’ या वाक्याला भुलले. काकांनी काही न बोलता एक फास्टनर बोटांनी फिरवला. तो गरगर फिरला. भोकातून लाल भुकटी गळली.

‘ताई, चिरा आहे हा, काँक्रीट नाही. फास्टनर आत फुगतो तेव्हा चिरा त्याला धरत नाही, फुटतो.’

घासण्याचं कारण मात्र वेगळंच निघालं. फोम सुकताना फुगतो आणि बाहीला आत ढकलतो. लाकडाची बाही फारशी दाद न देता उभी राहते, डब्ल्यूपीसी मऊ, ती वाकते. फोम मारण्याआधी दोन बाह्यांच्या मध्ये आडव्या पट्ट्या अडकवायच्या असतात, एक खाली, एक मध्ये. पोरांनी एकही लावली नव्हती. मधल्या उंचीवर चौकट वरच्यापेक्षा सात मिलिमीटर अरुंद भरली.

काकांनी सगळं उतरवलं. दर बाजूला तीन अशा हिशेबाने चिऱ्यात छिन्नीने खड्डे घेतले, चौकटीच्या पाठीला होल्डफास्ट, म्हणजे भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्या, लावले. मग आडव्या पट्ट्या मारून चौकट उभी केली आणि ओळंबा सोडला, एकदा समोरून, एकदा कडेने. समोरून सरळ दिसणारी चौकट घरात झुकलेली असू शकते, आणि मग दार आपोआप उघडत राहतं, हे मला तेव्हा कळलं. शेवटी टेपचं एक टोक मी वरच्या कोपऱ्यात धरलं, त्यांनी दुसरं खालच्या विरुद्ध कोपऱ्यात. दोन्ही कर्ण जुळेपर्यंत पाचर मारत राहिले. बारीक खडीचं काँक्रीट खड्ड्यांत भरलं आणि आईला बजावलं, ‘वहिनी, तीन दिवस दाराला हात लावायचा नाही, पाणी मारत राहायचं.’ आई तीन दिवस पुढच्या दाराने वळसा घालून विहिरीवर गेली.

दुकानाची चौकट तीनच बाजूंची येते. उंबरा नाही म्हटल्यावर आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग कडाप्प्याचा उंबरा बसवला, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, आणि बाहेर आलेल्या कडेच्या खालून एक खाच मारून घेतली, म्हणजे पाणी उलट वळून भिंतीकडे येत नाही, तिथेच तुटतं. हळदकुंकू, आंब्याचा टाळा वगैरे झालंच. दार जुनंच, फणसाच्या फळ्यांचं, भलतं जड. दुकानाने दिलेल्या तीन बिजागऱ्या काकांनी बाजूला ठेवल्या आणि स्टेनलेस स्टीलच्या पाच इंची चार लावल्या.

एक पावसाळा काढला. आत पाण्याचा थेंब नाही, दार कुठे घासत नाही. चौकटीला चार तारे, फिटिंगला एक, तोही पोरं वेळेवर आली म्हणून. दुकानात जाऊन भांडल्यावर दीड हजारांतले आठशे परत मिळाले. काकांनी दोन दिवसांच्या मजुरीचे बावीसशे घेतले.

जुन्या चौकटीची वरची पट्टी मात्र काका घेऊन गेले. ‘लाकूड सोन्यासारखं आहे, आईंना पाट करून देतो,’ म्हणाले होते. गणपतीला देणार होते. आता दिवाळी आली.