एकच मॉडेल, दोन स्टिकर : जिनिंगमधल्या वायफायचा आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरात सीताबर्डीहून एकाच मॉडेलचे दोन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी यंत्रं, आणले. आमची जिनिंग पांढरकवड्याच्या अलीकडे. हिशेब आणि काटा दोन्ही माझ्याकडे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आधी चांगलं सांगतो. एकाच केबलमधून वीज आणि नेट दोन्ही जातं, त्यामुळे टिनाखाली वेगळं वायरिंग करावं लागलं नाही. एक ऑफिसात आणि एक गेटकडे लावल्यावर गाड्यांच्या रांगेतही रेंज यायची. दिवाळीनंतर आवक वाढली की चाळीस-पन्नास मोबाइल एकदम जोडलेले. शेतकरी चुकारा जमा झाला का ते पाहणार, ड्रायव्हर भाडं. एकदाही अडखळलं नाही. आत पंखा नसल्याने रुईचे तंतू ओढले जात नाहीत, पण जाळीवर थर बसतोच. पंधरा दिवसांनी ब्रश मारावा लागतो. मेच्या दुपारी टिनाखालचं युनिट तापून आपोआप बंद-चालू व्हायला लागलं. खाली भिंतीवर आणलं, तेव्हा मिटलं.

आता खरी गोष्ट. बाहेरच्यांसाठी यात वेगळं गेस्ट नेटवर्क करता येतं. ते केलं आणि पासवर्ड काटाघराच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून टाकला. माझी समजूत अशी, की गेस्टवाला ऑफिसच्या बाजूला फिरकूच शकत नाही.

होळीला भाचा आला, अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. भिंतीच्या सावलीत बसून गेस्टवरूनच त्याने यंत्राचं सेटिंगचं पान उघडलं. पानाने पासवर्ड मागितला, इथवर ठीक. मग त्याने पत्त्यात पुढे एक फाइलचं नाव टाकलं, आणि काही न विचारता सगळ्या सेटिंगची बॅकअप फाइल मोबाइलवर उतरली. तिच्यात ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड होता आणि ॲडमिनचाही, दोन्ही साध्या अक्षरांत. पाचेक मिनिटांनी म्हणतो, ‘मामा, काट्याच्या कम्प्युटरपर्यंत पोचलो, पाहा.’ काटापावत्यांचं फोल्डर आम्ही पासवर्डशिवाय शेअर करून ठेवलं होतं. ती चूक आमची, कंपनीची नाही.

मी म्हटलं, ‘आपल्या जिनिंगात कोण येते रे चोरी कराले?’ तो म्हणाला, कोणी यावंच लागत नाही. 2016 मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड घेऊन इंटरनेटवरचे कॅमेरे आणि राउटर धुंडाळत होता. यंत्र कोणाचं, गाव कोणतं, हे तो विचारत नव्हता. असेल. मला मात्र जवळच्याचीच भीती जास्त. रांगेत सहा तास मोबाइल घेऊन बसलेल्या कोणी कालच्या पावतीत दोन क्विंटल इकडचे तिकडे केले, तर शेतकरी कॉलर माझी धरेल. आणि धरावीच.

2017 मध्ये वायफाय सुरक्षित ठेवणाऱ्या डब्ल्यूपीए 2 या नियमावलीतच खोट निघाली होती, क्रॅक म्हणतात तिला. तेव्हा जगभरच्या सगळ्याच कंपन्यांना धावपळ करावी लागली. हे तसं नाही. पासवर्ड न विचारता फाइल देणं हा याच कंपनीच्या प्रोग्रामरचा हलगर्जीपणा.

राग याहून पुढच्या गोष्टीचा आहे. ही खोट जाहीर झालेली होती, तिला सीव्हीई क्रमांकही (जाहीर झालेल्या खोटींच्या जागतिक यादीतला नंबर) मिळाला होता, आणि दुरुस्तीचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, मी खरेदी करण्याच्या आधीच निघालं होतं! दुकानातला माल जुना. आपोआप अपडेटचं बटण कारखान्यातूनच बंद. नोंदणी करताना ईमेल दिला होता, त्यावर जाहिराती आल्या तेवढ्या.

अपडेट करायला बसलो तर नवीनच भानगड. एका युनिटच्या तळाच्या स्टिकरवर व्ही 2, दुसऱ्यावर व्ही 1. खोका तोच, किंमत तीच. व्ही 2 चं दहा मिनिटांत झालं (इन्व्हर्टरवर घेऊन करा, मध्येच लाइन गेली तर यंत्र कायमचं बसू शकतं). व्ही 1 साठी फर्मवेअरच नाही, त्याचा सपोर्ट संपलेला. दुकानदाराला फोन केला. ‘भाऊ, वायफाय चालून राहिलं ना? मग?’

तेव्हा पैसे देण्याआधी खोका उघडायला लावून तळाचा स्टिकर वाचा, आणि त्या व्हर्जनचं शेवटचं फर्मवेअर कधीचं आहे ते कंपनीच्या साइटवर तिथेच उभं राहून पाहा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

काट्याचा कम्प्युटर आता थेट केबलवर आहे, फोल्डरला पासवर्ड आहे, सेटिंगचं पान गेस्टवरून उघडत नाही. व्ही 1 नुसतं गेस्टला ठेवावं असं मला वाटत होतं, पैसे मोजलेत शेवटी. भाचा म्हणाला, ते कोणाच्या ताब्यात गेलं तर आपल्या दारातून दुसऱ्याच्या घरावर दगड मारेल. म्हणून ते कपाटात पडलंय.

वायफाय म्हणून पाचपैकी चार, कंपनी म्हणून एक. गेटपाशी आता रेंज नाही, ड्रायव्हर रोज विचारतात. पासवर्ड बदलला, पण भिंतीवर अजून जुनाच आहे. पेंटर पोळ्यानंतर येतो म्हणाला.