बालेन्सिआगा: कापडाच्या आत डोकावणारं प्रदर्शन

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ‘बालेन्सिआगा: शेपिंग फॅशन’ हे फॅशन डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सिआगाच्या कपड्यांचं प्रदर्शन १८ फेब्रुवारी २०१८ पर्यंत चालू होतं. ज्यांनी कधी हातात कात्री धरली आहे त्यांनी अजिबात चुकवू नये असं ते होतं. मी कटिंग शिकवते, त्यामुळे कुठलाही कपडा समोर आला की माझी नजर आधी मुंढ्याकडे, म्हणजे बाही जोडतात त्या भागाकडे, आणि बाहीकडे जाते. ते बघायला इथे वेळ कमी पडला.

क्रिस्तोबाल बालेन्सिआगा स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरच्या गेतारियाचा. जन्म १८९५ चा, आई शिवणकाम करणारी. १९१७ मध्ये त्याने सान सेबास्तियनला पहिलं फॅशन हाऊस काढलं, त्याला २०१७ मध्ये शंभर वर्षं झाली. १९३७ मध्ये तो पॅरिसला आला आणि १९६८ मध्ये त्याने काम थांबवलं. कापणं, बेतणं, शिवणं हे सगळं त्याला स्वतःच्या हाताने येत होतं, आणि त्याच्या काळातल्या मोठ्या डिझायनरांमध्ये असे फार थोडे होते. खुद्द फ्रेंच डिझायनर कोको शनेलने हे मान्य केलं होतं.

प्रदर्शनातलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे क्ष-किरण चित्रं. निक वीझी या छायाचित्रकाराने म्युझियमच्या संग्रहातल्या कपड्यांचे एक्स-रे काढले आहेत. १९५५ चा टाफेटा या कडक रेशमी कापडाचा एक इव्हिनिंग ड्रेस बाहेरून बघितला तर नुसता रेशमाचा फुगारा दिसतो. एक्स-रेमध्ये मात्र तोच कपडा पारदर्शक होतो आणि आतली सगळी बांधणी उघडी पडते. कुठे चोळीला उभं धरणाऱ्या पट्ट्या, कुठे कापड हवं तसं पडावं म्हणून लपवलेली छोटी वजनं. ‘फॉल चांगला आलाय’, म्हणजे कापड छान पडलंय, असं आपण सहज म्हणून जातो. तो आणावा लागतो, आणि कसा आणतात ते इथे दिसत होतं. मी या चित्रांसमोरून हलतच नव्हते.

त्याला जोडूनच लंडन कॉलेज ऑफ फॅशनच्या विद्यार्थ्यांनी काही कपड्यांचे पॅटर्न, म्हणजे कापणीचे आराखडे, नव्याने काढून पडद्यावर मांडले होते. सपाट कापड दुमडत, वळत अंगावरचा कपडा कसा होतो ते डोळ्यांदेखत घडत होतं. वर्गात फळ्यावर तासभर समजावूनही जे पोचत नाही, ते इथे लगेच कळत होतं.

१९४७ मध्ये फ्रेंच डिझायनर दिओरने कपड्याची कंबर आवळली आणि सगळं जग त्या मागे गेलं. बालेन्सिआगाने १९५७ च्या पोत्यासारख्या सैल सॅक ड्रेसमध्ये कंबर सोडूनच दिली. अंग आणि कापड यांच्यामध्ये त्याने हवा ठेवली, आणि माझ्या मते त्याची खरी थोरवी तीच. अंगाला घट्ट बसवणं टक्सनी, म्हणजे कापड चिमटून घातलेल्या शिवणींनी, जमतं. अंगापासून नेमकं किती सुटं ठेवायचं हे ठरवायला फार तयारीचा हात लागतो. कॉलर मानेपासून जरा मागे, बाही मनगटाच्या वर थांबलेली. बाही मनासारखी बसली नाही तर तो उसवून पुन्हा लावायचा. मुंढा हा कपड्याचा कणा आहे असं मी शिकणाऱ्यांना सांगत आले, ते इथे प्रत्येक काचेमागे दिसत होतं.

कापडाच्या बाबतीतही तसंच. १९५८ मध्ये अब्राहम या स्विस कापड कंपनीबरोबर त्याने गझार हे ताठ रेशीम तयार करून घेतलं. १९६७ चा काळा एन्व्हलप ड्रेस त्याच कापडाचा: चौकोनी, टोकं खांद्यांवर उभी, आणि आत कसलाही सांगाडा लागत नाही. कापड स्वतःच उभं राहतं.

वरच्या मजल्यावर त्याच्यानंतरच्या तीसहून जास्त डिझायनरांचं काम होतं. त्याच्याकडे शिकलेले कुरेज आणि उंगारो, त्याला गुरू मानणारा जिवांशी, इथपासून ते आजच्यांपर्यंत. बघण्यासारखं होतं, पण मी ते भराभर बघितलं आणि पुन्हा खाली एक्स-रेकडे गेले. वेळ कमी असता तर मी सरळ खालचा मजलाच धरला असता. त्याचे कपडे कुठे बघायला मिळाले तर वही-पेन्सिल घेऊन जा, आणि जिथे काचेच्या पेटीभोवती फिरता येतं तिथे कपड्याची पाठ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मागच्या बाजूला त्याने केलेलं काम पुढच्याइतकंच, काही ठिकाणी तर जास्तच देखणं आहे.