जड कॅमेऱ्याखालची फोकसिंग रेल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझा कॅमेरा ममिया आरबी ६७, म्हणजे रुंद फिल्म वापरणारा जड कॅमेरा, आहे. लेन्स आणि फिल्म बॅकसह (फिल्म ठेवायच्या मागच्या पेटीसह) त्याचे वजन अडीच किलोच्या वर जाते, आणि १४० मिलीमीटरच्या मॅक्रो लेन्सला (अगदी जवळच्या वस्तू टिपणाऱ्या लेन्सला) दोन्ही एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स फिल्मपासून दूर नेणाऱ्या नळ्या, जोडल्या की हे वजन ट्रायपॉडच्या पुढे लोंबू लागते. कॅमेऱ्याला स्वतःचे बेलोज (लेन्स पुढेमागे नेणारा घडीचा भाता) असताना वेगळी फोकसिंग रेल, म्हणजे ट्रायपॉडवर अख्खा कॅमेरा थोडा थोडा सरकवणारी पट्टी, कशाला, असे मला पूर्वी वाटत असे. परंतु १:१ च्या आसपास, म्हणजे फिल्मवरची प्रतिमा वस्तूएवढीच असताना, बेलोज फिरवले की वस्तूचा आकार बदलत राहतो आणि फोकसचे प्रतल मात्र जवळपास जागचे हलत नाही. तिथे अख्खा कॅमेराच पुढेमागे सरकवावा लागतो.

पहिली रेल मी चारही दिशांना सरकणारी, दातेरी पट्टी आणि चक्राची घेतली होती. तिच्यावर लिहिलेली भारक्षमता माझ्या कॅमेऱ्याच्या दुप्पट होती, म्हणून मी निर्धास्त होतो. तो आकडा खोटा नसावा. पण तो बहुधा मधोमध ठेवलेल्या वजनाचा असतो, आणि माझे वजन पुढच्या टोकाला होते. एका पिसाच्या कडेचे तंतू मी भिंगातून कॅमेऱ्याच्या फोकसिंगच्या काचेवर नेमके टिपले, लॉकचा स्क्रू आवळला आणि तंतू डोळ्यांदेखत धूसर झाले. लेन्सचे छिद्र एफ/१६ ला ठेवले तर १:१ वर स्पष्टतेची खोली जेमतेम तीन मिलीमीटर मिळते, आणि बेलोज व ट्यूबच्या लांबीमुळे प्रकाश दोन स्टॉपने घटून (म्हणजे एक चतुर्थांश होऊन) ते छिद्र एफ/३२ सारखे वागते, म्हणजे ते आणखी लहान करण्यातही अर्थ नसतो, कारण मग सगळे चित्रच मऊ पडते. त्यात १२० च्या रोलवर चित्रे दहाच. त्या रोलमधली चार अशीच गेली.

सध्याची रेल एकाच दिशेने सरकते. रुंद डव्हटेल खाच (तळाशी रुंद होणारी, सरकता भाग धरून ठेवणारी), आरपार गेलेला आट्यांचा दांडा आणि एका फेऱ्यात एक मिलीमीटर सरकणारा नॉब, एवढाच तिचा पसारा आहे. डावे-उजवे मी वस्तूच सरकवून साधतो आणि त्याचे मला काहीच वाटत नाही, कारण सरकणारा प्रत्येक जादा थर म्हणजे झुकण्याची एक जादा जागा. लॉक करताना प्रतिमा किंचित हलते, पण दर वेळी सारखीच हलते, त्यामुळे तेवढी सूट आधीच ठेवता येते.

आट्यांमध्ये थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. नॉब उलटा फिरवला की सुमारे पाव फेरा रिकामा जातो, म्हणून मी नेहमी मागून पुढेच येतो आणि चुकून पुढे गेलो तर बरेच मागे जाऊन पुन्हा सुरुवात करतो. गंमत अशी की कॅमेरा सरळ खाली रोखला की हा प्ले जाणवतच नाही, कारण वजनच आट्यांना एका बाजूला दाबून धरते. जुनी दातेरी रेल याच स्थितीत लॉक सैल करताच घसरायची आणि एका हाताने कॅमेरा पेलत दुसऱ्याने फोकस करावे लागे.

तक्रारी आहेतच. नॉब लहान असल्याने बोटे दुखतात आणि रेलचे पुढचे टोक दिव्याच्या स्टँडला अडते. चौथ्या महिन्यात सरकणे खरखरीत झाले. दांड्यावरचे मूळचे चिकट ग्रीस धूळ धरून बसले होते. ते पुसून अगदी पातळ थर दिला आणि खाचेच्या बाजूचे छोटे स्क्रू पाव पाव फेरा आवळले. जास्त आवळले तर रेल अडकत अडकत सरकते.

घेण्यापूर्वी स्वतःचा कॅमेरा तिच्यावर चढवावा, लेन्सच्या टोकावर बोटाने हलका दाब देऊन सोडावा आणि प्रतिमा मूळ जागी परत येते का ते पाहावे. ती परत येत असेल, तर उरलेली थरथर कॅमेऱ्यातल्या, शटर सोडताना उडणाऱ्या आरशाची असते. आरसा आधी वर उचलून केबल रिलीजने शटर सोडले की तीही जाते. प्रतिमा परत आली नाही, तर लिहिलेली भारक्षमता कितीही असो, मी ती रेल घेणार नाही.