शॉकअपला ‘सील मारून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

बाईकच्या मागच्या शॉकअपमधून ऑईल गळायला लागलं की गॅरेजात एक वाक्य हमखास कानावर पडतं: “दादा, नवीन कशाला घेताय? सील मारून देतो, वर्षभर बघायला नको.” सील म्हणजे ऑईल आत अडवून धरणारी रबरी रिंग, आणि ‘मारून देतो’ म्हणजे ती बदलून देतो. या वाक्यावर माझे चौदाशे रुपये गेले आणि त्यानंतर त्याच दुकानात आणखी सव्वीसशे. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. मी सासवडहून हडपसरला दिवे घाटातून ये-जा करतो, पुष्कळदा बायको मागे बसलेली असते. हे सगळं त्या माणसाला माहीत होतं. तरी त्याने गळका शॉकअप रंग मारून गाडीला परत बसवला.

गाडी १२५ सीसीची, रोजच्या वापरातली. डाव्या शॉकअपची खालची नळी तेलकट झाली होती, त्यावर धूळ बसून काळा चिखल साचलेला. खड्ड्यातून गेल्यावर गाडीचं मागचं अंग दोन-तीनदा वरखाली व्हायचं. गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकअप सोडवले, संध्याकाळी या म्हणाला. संध्याकाळी गाडी चकाचक. नळीवर काळा रंग, सीटवर बसलो तर मागून एकदम कडक. “बघा, कसा नव्यासारखा झाला!” आणि खरंच तसंच वाटत होतं. हा कडकपणा नेमका कुठून येतो, ते कळलं पाहिजे, कारण सगळी फसवणूक त्याच्यावरच चालते.

शॉकअपमध्ये दोन कामं दोन वेगळ्या गोष्टी करतात. वजन पेलते ती स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग उसळून परत येते, तिला आवरतं ते आतलं ऑईल. नळीत आत-बाहेर होणाऱ्या रॉडच्या टोकाला पिस्टन असतो, त्याला बारीक भोकं आणि झडपा असतात. ऑईल त्यातून रेटलं जातं, म्हणून हालचाल मंदावते आणि तिची शक्ती उष्णतेत जाते. बऱ्याच शॉकअपमध्ये ऑईलला फेस येऊ नये म्हणून दाबाखाली नायट्रोजनही भरलेला असतो. ऑईल गेलं की स्प्रिंग राहते, पण तिला आवरणारं कुणी उरत नाही. मग वळणावर खड्डा आला की चाक रस्ता सोडतं. शिवाय गळणारं ऑईल टायरवर आलं, तर घसरायला पावसाचीही गरज नाही.

आता युक्ती. स्प्रिंगच्या खाली पाच खाचांचं कडं असतं, ते फिरवलं की स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसते. माझ्या गाडीचं कडं दुसऱ्या खाचेवर असायचं, गॅरेजवाल्याने दोन्ही बाजूंना ते शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवलं होतं. गाडी कडक होणारच. पण त्याने आतल्या ऑईलच्या कामात काडीचाही फरक पडत नाही. दुसरी गोष्ट, आत जाडं ऑईल ओतलेलं. जाडं ऑईल काही दिवस गळत नाही आणि शॉकअप जड लागतो. रोज चालवून ते तापतं, पातळ होतं आणि त्याच जुन्या सीलमधून पुन्हा बाहेर येतं.

आलंच. घाटात गाडी परत डोलायला लागली तेव्हा गावातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्प्रिंग दाबायच्या जॅकवर डावा शॉकअप धरला, स्प्रिंग उतरवली, नळी पेट्रोलने पुसली आणि माझ्या हातात दिली. स्प्रिंगखाली बरोबर झाकली जाईल अशा जागी मटाराएवढा पितळी ठिपका होता, वरून रंग मारलेला. “इथून भोक पाडलंय, ऑईल ओतलंय आणि ब्रेझिंगने, म्हणजे पितळ वितळवून, बुजवलंय. सीलला कुणी हातसुद्धा लावलेला नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी माझं नख रॉडवरून फिरवायला लावलं. क्रोमवर टोचणारे बारीक खड्डे लागत होते. पावसाळ्यातला चिखल रॉडवर वाळतो, गंज धरतो, क्रोम सुटतं. अशा रॉडवर अगदी नवं सील घातलं तरी हे खड्डे त्याचा ओठ कापतातच. उजव्या शॉकअपला तर मुळात उघडलेलंच नव्हतं, नुसता रंग मारला होता. बिल मात्र दोघांचं.

आणि मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. आपल्याकडच्या रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांचे मागचे शॉकअप कारखान्यातच कडा दाबून कायमचे बंद केलेले असतात. ते उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात. जुन्या काही गाड्यांचे आणि महागड्या गाड्यांचे उघडतात, त्यांना चकतीचं झाकण किंवा आटे असतात, सील किट मिळतं, नायट्रोजन पुन्हा भरून देणारे कारागीर असतात. ते काम प्रामाणिक आहे आणि त्याचे पैसे द्यायलाच हवेत. म्हणून सील मारून देतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: माझ्या गाडीच्या सीलचा पार्ट नंबर सांगा, नवं सील पाकिटातून माझ्यासमोर काढा आणि रॉड बाहेर काढून दाखवा. गॅस भरलेल्या शॉकअपवर उघडू नका, आगीत टाकू नका असा इशारा छापलेला असतो. त्याला ड्रिल लावणारा स्वतःच्या डोळ्यांशी खेळतो. घरी दोरी-पाना लावून स्प्रिंग उतरवायलाही जाऊ नका, सुटली तर बोट जातं.

मी तो पितळी ठिपका दाखवायला परत गेलो. गॅरेजवाला अजिबात वरमला नाही. पोराने चूक केली म्हणाला आणि लगेच, “कंपनीची जोडीच टाकून देतो, सव्वीसशे, तुमच्याकडून मजुरी घेत नाही.” घाट रोजचा, गाडी हवीच होती, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी धुताना बुशवर, म्हणजे शॉकअप गाडीला बोल्टने बसतो तिथल्या रबरावर, नजर गेली. रबरी बुशवर काळ्या रंगाचे शिंतोडे होते. कारखान्यात शॉकअप रंगवल्यानंतर बुश बसतं, रबराला रंग लागायचं कारणच नाही. बुशच्या आतली लोखंडी नळी घासून चकाकलेली, आणि बॉडीवर कोरलेला क्रमांक जिथे असायला हवा, तिथे पॉलिश पेपर मारून जाड रंग थापलेला. कुणाच्या तरी गाडीचे टाकून दिलेले शॉकअप रंगवून मला नवे म्हणून विकले होते.

पॅकबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे. खोका तुमच्यासमोर फुटला पाहिजे, आणि त्यावरचा पार्ट नंबर बिलावर आला पाहिजे. “कंपनीचा माल, पण खोका गोडाऊनला राहिला” ही नेहमीची थाप आहे.

माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं, मागूनही दिलेलं नव्हतं. पण पैसे यूपीआयने गेले होते, आणि व्हॉट्सॲपवर त्याचाच मेसेज होता: “दोन्ही शॉकअप सील + ऑईल, १४०० रु.” ठिपक्याचे आणि बुशचे फोटो मी गाडीच्या नंबरप्लेटसकट काढले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. तिथून दुकानाशी संपर्क झाला, आणि सव्वीसशे परत आले. चौदाशे मात्र तो द्यायला तयार नाही, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही. चौदाशेसाठी एवढी यातायात कशाला, असं घरचेही म्हणाले. पण त्याच गॅरेजसमोर रोज कॉलेजची पोरं, डिलिव्हरीवाले गाड्या लावतात.

शेवटी अधिकृत दुकानातून बिल घेऊन जोडी आणली. बदलायचे तर दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक मेलेला असला तर मागचं चाक दोन बाजूंनी वेगवेगळं वागतं. आता गाडी धुताना दर वेळी रॉडवरचा चिखल साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने काढतो, प्रेशर वॉशरची धार सीलवर मारू देत नाही. अधूनमधून सीट जोरात दाबून सोडून बघतो: गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर ऑईल गेलं.

जुने शॉकअप दुकानात सोडून आलो नाही, कारण रंगवून विकायला माल तिथूनच मिळतो. घरी आणले, नळीला हात न लावता दोन्ही रॉडच्या क्रोमवर हॅकसॉने खोल चरे पाडले, आणि मगच भंगारात दिले.