विश्रामबागेतलं फायटर सिम्युलेटर: गोळ्या कमी झाडा, रिप्ले जास्त बघा

रविवारी भाच्याला खेळवायला म्हणून सांगलीत या लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरवर गेलेलो, पण दीड तास खुर्ची मीच सोडली नाही आणि ते बिचारं भडंग खात बसलं. तीन स्क्रीन, विमान वळवायची स्टिक, इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा थ्रॉटल, पायात रडरचे पेडल, डीसीएस नावाचा विमानांचा गेम, माझं विमान एफ-१६.

पहिल्या तीन फाइटला मी खल्लास. समोरनं शत्रूचं मिग-२९ क्रॉस झालं की मी स्टिक पोटात घुसेपर्यंत ओढायचो, विमान वळायचं झकास पण ४०० नॉटचा स्पीड बघता बघता २०० वर, मग ना वळता येतंय ना पळता येतंय आणि मिग निवांत मागं. तिथला पोरगा म्हणाला, "काका, उपटू नका, जरा ढिली सोडा, स्पीड जमू दे." मग मिगच्या मागं लागलो तर जोरात त्याच्याच पुढं निघून गेलो! त्यावर उपाय म्हणजे 'हाय यो-यो' नावाचा डाव: नाक वर काढून जादा स्पीड उंचीत साठवायचा आणि वरनं त्याच्या वळणाच्या आत उतरायचं. पाचव्यांदा जमलं राव.

पण पैसे वसूल झाले ते रिप्लेत. टॅकव्ह्यू नावाच्या सॉफ्टवेअरवर तो पोरगा दोन्ही विमानांच्या वाटेच्या रेघा फिरवून फिरवून दाखवतो, नेमकं कुठल्या सेकंदाला माती खाल्ली ते. मग तीच उंची, तोच स्पीड, तेवढंच इंधन ठेवून परत तीच फाइट, फक्त एक गोष्ट बदलायची. खऱ्या विमानात एवढ्यांदा कोण करू देणार?

एकदा मी सरळ समोरासमोर घुसून मिग पाडलं तर पोरगा म्हणतो याला मार्क नाहीत. बरोबर आहे म्हणा, २०२० च्या ऑगस्टमधे डार्पाच्या (अमेरिकेची लष्करी संशोधन संस्था) सिम्युलेटर स्पर्धेत एआयनं खऱ्या एफ-१६ पायलटला ५-० हरवलं ते असंच समोरनं गोळ्या घालून, आणि पायलट लोक ट्रेनिंगमधे टक्कर नको म्हणून हे नियमानंच टाळतात.

जी-फोर्स, म्हणजे जोरात वळताना अंगावर येणारा भार, मात्र शून्य. ९ जी म्हणजे माझे ८० किलो ७२० होणार, इथं फक्त स्क्रीनच्या कडा काळ्या होतात, मी आरामात चहा पीत होतो.

तक्रार दोनच. थ्रॉटल ढिला आहे, आफ्टरबर्नर (इंजिनाचा जादा जोर) लागला का नाही हाताला कळतच नाही. आणि बटणं समजावण्यात गेलेली दहा मिनिटंपण बिलात धरतात, हे काय पटलं नाही. सकाळी लवकर जा, संध्याकाळी कार रेसवाल्या पोरांचा कालवा असतोय.